ग्राहकांची यादी हलवताय? त्यांचा नकारही सोबत न्या

कलमांवर फळ सुपारीएवढं झालं की मला फोन यायला लागतात. पलीकडे कोणी आंबा बागायतदार असतो, नाहीतर तारकर्लीकडचा होमस्टेवाला, आणि वाक्य ठरलेलं असतं: "ताई, सीआरएममध्ये पाच-सहा हजार गिऱ्हाईकं आहेत. तेवढी त्या ईमेलच्या प्लॅटफॉर्मवर टाकून द्या ना. एक्स्पोर्ट-इम्पोर्टच तर करायचंय."

सीआरएम म्हणजे गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर, आणि ईमेलचा प्लॅटफॉर्म म्हणजे सगळ्यांना एकदम मेल पाठवणारी सेवा. रत्नागिरीत बसून मी हेच काम करते. "एक्स्पोर्ट-इम्पोर्टच तर" या दोन शब्दांमुळे लोकांचे हंगाम गेलेले मी पाहिले आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

सीएसव्ही फाईल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी यादी, उतरवायला दोन मिनिटं लागतात, हे खरं. पण सीआरएममध्ये पत्त्यांच्या जोडीला बरंच काही साठलेलं असतं. कोण मेल नको म्हणालं, कोणाला पेटी फक्त अक्षय्य तृतीयेला लागते, कोणाच्या घरातलं माणूस गेलं. पत्ते सगळेच नेतात. हे बाकीचं जुन्या जागी राहतं आणि पुढचा सगळा त्रास तिथून सुरू होतो.

नको म्हणालेल्यांची नोंद मागे राहते

ही चूक मला दर वर्षी भेटते, त्यामुळे आधी हिच्याबद्दल.

ज्याने मेल बंद करायला सांगितलं, त्याच्या नावापुढे सीआरएममध्ये 'ऑप्ट आउट'ची खूण असते. एक्स्पोर्ट करताना 'सगळे कॉन्टॅक्ट' निवडले की ही माणसंही फायलीत येतात. त्यांची खूण एका वेगळ्या रकान्यात येते. नवा प्लॅटफॉर्म विचारतो, या रकान्याचं काय करायचं? घाईतला माणूस 'वगळा' दाबतो. शेवटच्या पानावर सगळ्यांना 'सबस्क्राइब्ड' धरायचं का असं विचारलं जातं, तिथेही तो हो म्हणतो. एवढ्यात होत्याचं नव्हतं होतं.

पावस बाजूच्या एका बागायतदारांकडे असंच झालं. मुंबई-पुण्यात घरपोच पेट्या देणारं जुनं घर. पुतण्या हुशार, कॉम्प्युटरवर हात चालणारा. मार्चमधल्या एका रात्री त्याने साडेपाच हजार पत्ते हलवले आणि सकाळी नऊला पहिल्या तोडीचा मेल सगळ्यांना एकदम पाठवला. त्यात सातशेच्या आसपास लोक आधीच नको म्हणालेले होते. शिवाय काही शे पत्ते केव्हाच बंद पडलेले. दहा-बारा जणांनी रागाने उत्तर लिहिलं. बाकीच्यांनी उत्तराचेही कष्ट घेतले नाहीत, सरळ स्पॅमचं बटण दाबलं. दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत प्लॅटफॉर्मने खातं थांबवलं होतं.

स्पॅमच्या तक्रारींचं गणित फार कडक असतं. मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांसाठी जीमेल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून नियम घट्ट केले. तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत जाऊ द्यायचं नाही, आणि जीमेलचा सल्ला तर ०.१ टक्क्याच्या आत राहण्याचा. म्हणजे हजार मेलमागे तीन माणसं चिडली तरी तुम्ही काठावर. सातशे चिडलेली माणसं एकाच सकाळी गोळा केल्यावर काय होणार?

खातं पुन्हा सुरू व्हायला अठरा दिवस गेले. हंगामाच्या तोंडाला पेटीला जो भाव मिळतो तो पुढे मेअखेरीस मिळत नाही, हे कोकणात पोरालाही ठाऊक असतं. तयार झालेला आंबा थांबत नाही. माल वाशीला दलालाकडे पाठवावा लागला. काका मला एवढंच म्हणाले, "पंचवीस वर्षं मी फोनवर बोलून जोडलेली माणसं होती ही." मी त्या दिवशी काही बोलू शकले नाही.

माझी सवय उलटी आहे. पहिल्या दिवशी मी फक्त नकार नेते. ऑप्ट आउट केलेले आणि मेल कायमचा परत आलेले, म्हणजे हार्ड बाऊन्सवाले, एवढ्यांचीच फाईल काढते आणि नव्या प्लॅटफॉर्मच्या सप्रेशन लिस्टमध्ये टाकते. तोवर एकही चालू गिऱ्हाईक आत घेत नाही. पुढे कोणी चुकून सगळी यादी ओतली तरी त्या पत्त्यांवर मेल जात नाही. आधी मेल पाठवायला दुसरं एखादं साधन वापरत असाल तर त्याच्याकडची अनसबस्क्राइबची यादी वेगळी मागा. तिथे नको म्हणालेल्या माणसाची खबर सीआरएमला बहुतेक वेळा लागलेलीच नसते.

मग वहीत ताळा मांडते: सीआरएममधले एकूण, त्यातून नेलेले, नको म्हणालेले, परत आलेले, ईमेलच नसलेले. बेरीज जुळली नाही तर त्या दिवशी मेल जात नाही. मालक कितीही मागे लागला तरी नाही.

आणखी एक. पाहुण्याने खोली घेताना रजिस्टरमध्ये लिहिलेला ईमेल त्याने खोलीसाठी दिलेला असतो, जाहिरातीसाठी नाही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात संमती ठरावीक कामापुरतीच धरली आहे, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही सोपं असलं पाहिजे असं स्पष्ट आहे. "एवढे पत्ते पडून आहेत तर वापरूया" हा युक्तिवाद माझ्याकडे चालत नाही. संमतीची तारीख आणि ती कुठून मिळाली हे दोन रकाने सोबत न्या. नसतील तर त्या माणसांना न्यायचंच नाही.

एक्सेलमध्ये डबल क्लिक

एक्स्पोर्ट केलेली सीएसव्ही डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडायची, नजर फिरवायची, सेव्ह करायची. दिसायला निरुपद्रवी काम. पण तेवढ्यात तीन गोष्टी बिघडू शकतात.

पहिली, मराठी नावं. एक्सेल बऱ्याचदा फाईल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मराठीसकट सगळ्या लिपी साठवणाऱ्या पद्धतीत, आहे हे ओळखत नाही, आणि 'सावंत'च्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं आणि चलनाच्या खुणा दिसतात. तशीच सेव्ह केली तर नाव गेलं. दुसरी, फोन नंबर. ९१ लावलेला बारा आकडी मोबाईल एक्सेलला मोठी संख्या वाटते. तो त्याला दशांश आणि 'ई'च्या रूपात दाखवतो, आणि सीएसव्ही सेव्ह करताना जे दिसतं तेच लिहितो. शेवटचे आकडे परत मिळत नाहीत. रत्नागिरीचा ०२३५२ हा कोड २३५२ होऊन बसतो. तिसरी, तारखा, आणि ही सगळ्यांत वाईट.

गुहागरला एक वहिनी होमस्टे चालवतात. जुन्या पाहुण्यांना लग्नाच्या वाढदिवसाला दोन ओळींचा मेल पाठवायची त्यांची पद्धत आहे, आणि त्या मेलवरून दर वर्षी पाहुणे परत येतात. यादी हलवली ती त्यांच्या ओळखीतल्या एकाने. त्याच्या लॅपटॉपवर तारखेची मांडणी अमेरिकी होती, महिना आधी. त्यामुळे ०३/०५, म्हणजे आपली ३ मे, झाली ५ मार्च. २५/०५ मध्ये पंचविसावा महिना नसल्याने तो नुसता मजकूर राहिला आणि इम्पोर्टमध्ये गळला. ०४/०४ सारख्या तारखा बरोबरच राहिल्या. म्हणजे काही ओळी बरोबर, काही चूक, काही रिकाम्या, आणि वरवर पाहणाऱ्याला सगळंच ठीक. वहिनींना कळलं ते मार्चमध्ये एका पाहुणीचा फोन आला तेव्हा: "अहो, आमचं लग्न मेमधलं." हस्ताक्षरातलं जुनं रजिस्टर होतं म्हणून वाचलो. आम्ही दोघींनी दोन रात्री बसून एकेक तारीख ताडून घेतली.

म्हणून मूळ फाईल मी कधीच उघडत नाही. तिची प्रत काढते, मूळ फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये 'फक्त वाचण्यासाठी' करून ठेवते. प्रत एक्सेलच्या 'डेटा' टॅबमधून 'टेक्स्ट किंवा सीएसव्हीमधून' घेते, एन्कोडिंग ६५००१ यूटीएफ-८ निवडते आणि सगळे रकाने 'टेक्स्ट' ठरवते. गूगल शीट्समध्ये घ्यायची तर आकडे आणि तारखा आपोआप बदलण्याची टिक आधी काढते. तारखा नेताना वर्ष-महिना-दिवस, २०२४-०५-०३ अशा. सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८', नुसतं 'सीएसव्ही' नाही.

प्रत्येक यादीत मी माझी पाच चाचणीची माणसं घालते. एकाचं नाव जोडाक्षरांनी भरलेलं. एकाचा फोन शून्याने सुरू होणारा. एकाचा वाढदिवस ३ मे. एकाचा पत्ता 'मु. पो. पावस, ता. जि. रत्नागिरी', कारण आपल्या पत्त्यांतले स्वल्पविराम हाताने बनवलेल्या सीएसव्हीत रकाने सरकवतात. पाचव्याने मेल नको म्हटलेलं. आधी एवढ्या पाचांचाच इम्पोर्ट. पाचही जण नव्या घरी धड पोचले तर बाकीच्यांना हलवायचं. यात अर्धा तास जातो. तो अर्धा तास ज्याला जड वाटतो त्याचं काम मी घेत नाही.

फार जुन्या याद्या श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. नवा प्लॅटफॉर्म तो फॉन्ट ओळखत नाही.

शेऱ्याचा रकाना

याबद्दल तांत्रिक असं फार सांगण्यासारखं नाही, पण मला सगळ्यात जास्त हेच लागतं.

आपल्याकडे सीआरएम वापरणारी माणसं खरी माहिती 'नोट्स'मध्येच लिहितात. "पायरी चालत नाही." "डोंबिवलीचं घर सोडलं, मुलीकडे पुण्याला." "काका वारले, आता काकूंशी बोलायचं." एक्स्पोर्टमध्ये नोट्स बऱ्याचदा वेगळ्या फायलीत येतात, किंवा येतच नाहीत. आल्या तरी एका शेऱ्यात चार वेळा एंटर दाबलेलं असतं, मग तो रकाना त्रासाचा म्हणून काढून टाकतात. आणि गेलेल्या माणसाच्या नावाने "काका, यंदाही तुमची पेटी राखून ठेवलीय" असा मेल त्याच्या घरी जातो. असा मेल गेलेलं एक घर मला माहीत आहे. काकूंनी तक्रार केली नाही. त्यांनी पुन्हा आंबा मागवलाही नाही.

इथे शॉर्टकट नाही. नोट्स वेगळ्या काढा आणि 'वारले', 'निधन', 'नको', 'फोन करू नये' हे शब्द शोधा. इंग्रजीत आणि रोमन लिपीत लिहिलेलेही शोधा, कारण मोबाईलवरून शेरा तसाच टंकला जातो. सापडलेली प्रत्येक नोंद मालकाच्या शेजारी बसून वाचा. कोण कसं आहे ते घरच्यांनाच माहीत असतं. मग त्यातून दोन-चार टॅग तयार होतात, आणि नव्या प्लॅटफॉर्मवर तेवढे पुरतात.

बाकीच्या, थोडक्यात

इम्पोर्टआधी स्वागताचा आपोआप जाणारा (ऑटोमेशन) मेल बंद करा. नाहीतर दहा वर्षांच्या गिऱ्हाइकाला "आमच्या परिवारात स्वागत" जातं.

पाठवणारा पत्ता जीमेलचा ठेवू नका. स्वतःचं डोमेन, म्हणजे ईमेलमधलं @ नंतरचं नाव, घ्या, त्यावर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क लावा. मेल खरंच तुमच्याकडूनच आला आहे हे या तीन नोंदींवरून पडताळलं जातं. एसपीएफची नोंद एका डोमेनला एकच असते. नव्या प्लॅटफॉर्मसाठी दुसरी नोंद जोडली की दोन्ही निकामी होतात, म्हणून आधीच्याच नोंदीत त्याचा समावेश करा. "नंतर बघू" म्हणून हे राहतं आणि मग "मेल पोचत नाहीत" म्हणून फोन येतो.

बहुतेक प्लॅटफॉर्म ईमेलवरून माणूस ओळखतात. एका ट्रॅव्हल एजंटच्या पत्त्यावर चाळीस पाहुणे नोंदवले असतील तर आत एकच उरतो, आणि नाव बहुधा शेवटच्याचं राहतं. असे पत्ते आधीच बाजूला काढा. बुकिंगच्या संकेतस्थळांकडून आलेले मुखवटा पत्तेही, म्हणजे पाहुण्याच्या खऱ्या ईमेलऐवजी दिलेले पत्ते, काढा. ते त्या एका मुक्कामापुरते असतात.

पहिल्याच दिवशी सगळ्यांना मेल नको. गेल्या हंगामात ज्यांनी खरेदी केली ते दोन-तीनशे आधी, मग दर दोन-तीन दिवसांनी थोडे थोडे वाढवत जायचं. नव्या डोमेनची पत अशीच तयार होते. ज्याला हे हळू वाटतं त्याने पावसच्या काकांचे अठरा दिवस आठवावेत.

आणि नव्या प्लॅटफॉर्मवर जो नको म्हणेल त्याची नोंद सीआरएममध्ये परत आली पाहिजे. ती वाट आधी बांधा. नाहीतर पुढच्या वर्षी हाच लेख पुन्हा वाचावा लागेल.

हे काम कधी करायचं

फेब्रुवारी-मार्चमध्ये मला फोन करू नका. मी यादी पावसात हलवते. आंबा संपलेला असतो, किनाऱ्यावरचे जलक्रीडेचे खेळ बंद असतात, पाहुणे कमी असतात आणि मालकाला माझ्या शेजारी बसून शेरे वाचायला वेळ असतो. वीज जाते, म्हणून फाईल पाचशे-पाचशेच्या तुकड्यांत चढवायची आणि वहीत प्रत्येक तुकड्यापुढे खूण करायची. गणपतीला चाकरमानी येतात त्या सुमाराला पहिला छोटा मेल जातो. काही राहिलं असेल तर ते तेव्हा कळतं, आणि दुरुस्तीला मार्चपर्यंत वेळ मिळतो.

जुन्या सीआरएमचे पैसे पुढच्या मेअखेरपर्यंत भरा. एक पूर्ण हंगाम फिरेपर्यंत कोणता रकाना मागे राहिला ते कळत नाही, आणि खातं बंद झाल्यावर शोधायला जागा उरत नाही.