असमान वागणूक वांशिक भेदभाव आहे का, हे कसे ठरवावे

नोकरीत अन्याय होणे आणि वांशिक भेदभाव होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जो वरिष्ठ सगळ्यांवरच खेकसतो, सगळ्यांच्याच रजा नाकारतो आणि मर्जीतल्या दोघांनाच बढती देतो, तो वाईट वरिष्ठ असतो; पण एवढ्यावरून तो वंशावरून भेद करतो असे ठरत नाही. तपासायचा प्रश्न एकच असतो: माझ्या जागी दुसऱ्या वंशाची व्यक्ती असती आणि बाकी सारे तसेच असते, तर हाच निर्णय झाला असता का? या प्रश्नाचे उत्तर थेट कोणी देत नाही. ते आजूबाजूच्या खुणांवरून काढावे लागते.

सुरुवात नेमक्या निर्णयापासून करावी. ‘मला नेहमी डावलतात’ या वाक्याची तपासणी करता येत नाही. ‘पर्यवेक्षकाच्या जागेसाठी अर्ज करूनही मला मुलाखतीला बोलावले नाही’ या वाक्याची करता येते. निर्णय कोणता, कोणत्या तारखेला झाला, कोणी घेतला आणि त्या वेळी काय कारण सांगितले, हे एका कागदावर लिहून काढावे. निर्णय घेणारी व्यक्ती ओळखणे विशेष महत्त्वाचे आहे, कारण हेतू तिचा तपासला जातो. मात्र सही करणाऱ्याने खालच्या अधिकाऱ्याच्या अहवालावर डोळे मिटून विश्वास ठेवला असेल, तर तो अहवाल लिहिणाराही तपासणीत येतो.

‘वंश’ या शब्दात काय काय येते, हे देशागणिक थोडे बदलते. संयुक्त राष्ट्रांच्या १९६५ च्या करारात वंश, वर्ण, कूळ आणि राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ यांचा समावेश आहे. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात राष्ट्रीयत्वही येते; अमेरिकेत मात्र, १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा अर्थ लावताना, केवळ परदेशी नागरिक असणे म्हणजे राष्ट्रीय मूळ नव्हे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये ठरवले. तेव्हा आपण जिथे काम करतो तिथला कायदा आधी पाहावा.

खरी मेहनत तुलनेत आहे. आपल्यासारखीच परिस्थिती असलेला, पण वेगळ्या वंशाचा सहकारी शोधावा: शक्यतो त्याच वरिष्ठाच्या हाताखालचा, त्याच नियमांखाली काम करणारा, तशीच चूक किंवा तशीच पात्रता असलेला. गोदामातले दोन कामगार सारख्याच वेळा उशिरा आले, एकाला तोंडी समज मिळाली आणि दुसऱ्याला निलंबनाचे पत्र मिळाले, तर ही तुलना बोलकी आहे. पण दुसऱ्याला आधीच दोन लेखी ताकिदी मिळाल्या असतील किंवा तो अजून परिवीक्षाधीन (प्रोबेशनवर) असेल, तर ती लगेच लंगडी पडते. म्हणून आपल्या विरोधात जाणारे फरकही स्वतःच लिहून ठेवावेत. हे नकोसे वाटते, पण समोरचा पक्ष पहिल्याच उत्तरात नेमके तेच फरक मांडणार असतो.

अगदी जुळणारा सहकारी नसेल तर तुलना संपत नाही. ब्रिटिश कायदा काल्पनिक सहकारीही मान्य करतो: तशा व्यक्तीला कसे वागवले असते, याचा अंदाज थोड्या वेगळ्या, पण जवळच्या प्रकरणांवरून बांधता येतो. उलट बाजूनेही सावध राहावे. आपल्याच वंशाच्या एखाद्याला बढती मिळाली होती, एवढ्याने आपली तक्रार खोटी ठरत नाही. निर्णय घेणारा आपल्याच वंशाचा होता, यानेही ती आपोआप खोटी ठरत नाही.

यानंतर सांगितलेले कारण तपासावे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये मॅकडोनेल डग्लस कंपनीच्या खटल्यात घालून दिलेली पद्धत न्यायालयाबाहेरही उपयोगी पडते. आधी अर्जदार दाखवतो की तो पात्र होता, त्याने अर्ज केला, त्याला नाकारले आणि जागा तशीच खुली राहिली. मग मालक कारण सांगतो. आणि शेवटी ते कारण निव्वळ सबब आहे का, हे पाहिले जाते. सबब ओळखण्याच्या खुणा साध्या असतात. कारण दर वेळी बदलते का? पत्रात ‘कामगिरी’ आणि बैठकीत ‘पदकपात’ असे होते का? मागच्या मूल्यमापनात चांगला शेरा असताना अचानक कमतरता सापडल्या का? जो नियम पुढे केला, तो इतरांना कधी लावला होता का? सर्वांत बोलके म्हणजे तक्रार केल्यानंतर तयार झालेले, पण आधीच्या घटनांबद्दलचे टिपण.

तरीही कारण न पटणे आणि कारण खोटे असणे यांत अंतर आहे. वरिष्ठाने प्रामाणिकपणे चुकीचा निर्णय घेतला असेल, तर तो चुकीचाच राहतो; वांशिक होत नाही. कारण खोटे ठरले तरी त्यामागे वंशच होता असा निष्कर्ष अमेरिकेत काढता येतो, पण काढलाच पाहिजे असे नाही. म्हणून खोट्या कारणाच्या जोडीला तुलना किंवा शेरे असतील, तर प्रकरण भक्कम होते. शेऱ्यांचे वजन मात्र सारखे नसते: निर्णय घेणाऱ्याने निर्णयाच्या सुमारास आणि त्याच विषयाबद्दल केलेला शेरा जड असतो, जेवणाच्या टेबलावर दुसऱ्याच विभागातल्या माणसाने केलेली टिंगल निर्णयाबाबत फारसे सांगत नाही, जरी छळाच्या वेगळ्या तक्रारीत ती उपयोगी पडू शकते. आणि मालकाच्या मनात उघड द्वेष होता हे दाखवावे लागते, असा समज चुकीचा आहे. नकळत असलेला पूर्वग्रहही पुरेसा ठरू शकतो, हे ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तेथील सर्वोच्च न्यायपीठाने, १९९९ मध्ये मान्य केले.

कधीकधी कोणी वेगळे वागवलेलेच नसते. नियमच एका गटाला जास्त भोवतो. ड्यूक पॉवर कंपनीने बऱ्या पगाराच्या कामांसाठी शालान्त प्रमाणपत्र आणि चाचण्या सक्तीच्या केल्या होत्या, आणि त्यांचा ती कामे नीट करण्याशी संबंध दाखवता आला नाही. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम बेकायदा ठरवला. इथे दोन प्रश्न विचारावेत: कोणता गट जास्त प्रमाणात गळतो, आणि कामाला त्या अटीची खरोखर गरज आहे का. पाच-सहा जणांच्या विभागातल्या आकड्यांवरून मात्र काही सिद्ध करू पाहू नये.

नोंदी त्याच दिवशी, तारीख आणि शब्दशः बोलणे घालून कराव्यात, आणि त्या कार्यालयाच्या संगणकावर ठेवू नयेत. गोपनीय फायली उचलून नेणे टाळावे. त्यावरूनच नोकरी जाऊ शकते. सद्भावनेने केलेल्या तक्रारीचा सूड म्हणून शिक्षा झाली, तर मूळ भेदभाव सिद्ध न होताही ती वेगळी तक्रार ठरू शकते. मुदतीकडे सुरुवातीपासून लक्ष असावे: अमेरिकेत खासगी नोकरीबाबत समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार सामान्यतः १८० दिवसांत, आणि राज्याची वा स्थानिक संस्था तसाच कायदा राबवत असेल तर ३०० दिवसांत करावी लागते. कंपनीच्या आत एचआरकडे दिलेल्या तक्रारीची चौकशी चालू आहे, म्हणून ही मुदत थांबत नाही.