कंटूर नकाशातील रंगांच्या मर्यादा पातळ्यांनी ठरवाव्यात

महाबळेश्वरात वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि घाट उतरून पूर्वेकडे पर्जन्यछायेच्या प्रदेशात गेले की हाच आकडा ५००-६०० वर येतो. ही आकडेवारी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या संचाच्या ‘कंटूरएफ’ला (मूल्यांच्या टप्प्यांप्रमाणे रंगीत पट्टे भरून कंटूर नकाशा काढणाऱ्या फंक्शनला) जशीच्या तशी दिली, तर जवळजवळ सगळे रंग घाटमाथ्यावरच खर्ची पडतात आणि शंभर मिलिमीटरचा फरकही जिथे शेतकऱ्याला मोलाचा असतो, ते पठार एकाच रंगात बुडून जाते.

अशा वेळी हात सहसा ‘व्हीमिन’ आणि ‘व्हीमॅक्स’ या रंगांच्या खालच्या-वरच्या मर्यादांकडे वळतो. प्रत्येक चौकटीला स्वतंत्र रंग देणाऱ्या ‘पीकलरमेश’मध्ये तेवढे पुरतेही, परंतु कंटूरएफमध्ये पट्टे कुठे बदलायचे हे ‘लेव्हल्स’, म्हणजे पातळ्यांची यादी, ठरवते आणि व्हीमिन-व्हीमॅक्स केवळ त्या पट्ट्यांना रंग वाटून देतात. त्यामुळे व्हीमॅक्स २,००० ठेवले तरी पातळ्या आकडेवारीच्या पूर्ण विस्तारावरूनच निघतात, रंगपट्टी ५,००० च्या पुढेपर्यंत जाते, आणि २,००० च्या वरचे सगळे पट्टे एकाच रंगाचे होतात.

म्हणून पातळ्या स्वतः द्याव्यात. आकडेमोडीच्या नमपाय संचातील ‘लिनस्पेस’ला ०, २००० आणि २१ (सुरुवात, शेवट आणि एकूण पातळ्या) हे आकडे दिले की १०० मिलिमीटरचे बरोबर २० पट्टे मिळतात. नमपायचेच ‘अरेंज’ शेवटचा आकडा वगळते, म्हणून येथे लिनस्पेस बरे. लेव्हल्सला यादीऐवजी नुसते २० दिले, तर ती केवळ सूचना ठरते आणि सोयीचे आकडे मॅटप्लॉटलिबच निवडते. यासोबत यादीबाहेरच्या मूल्यांनाही रंग देणाऱ्या ‘एक्स्टेंड’ला ‘मॅक्स’ हे मूल्य देणे आवश्यक आहे. ते विसरल्यास २,००० च्या वरचा भाग रंगवलाच जात नाही आणि सर्वाधिक पावसाचे महाबळेश्वर नकाशात पांढरे भोक होऊन बसते. आकडेवारी नसलेली जागाही तशीच पांढरी दिसते, म्हणून आलेखाची पार्श्वभूमी ‘सेट_फेसकलर’ने फिकट राखाडी करून ठेवावी, म्हणजे एक्स्टेंड दिल्यानंतर राखाडी उरलेली जागा आकडेवारी नसलेली आहे हे कळते.

पावसासारख्या विषम आकडेवारीसाठी मला समान अंतराच्या पातळ्या अपुऱ्या वाटतात. ०, ४००, ६००, ८००, १,०००, १,५००, २,५००, ४,००० अशी यादी दिली तर पठारही बोलू लागते आणि घाटही. मात्र रंग अजूनही मूल्याच्या प्रमाणातच वाटले जात असल्याने खालचे पट्टे एकमेकांसारखेच दिसतात. त्यावर उपाय म्हणून तीच यादी, रंगसंचातील रंगांची संख्या आणि एक्स्टेंडचे तेच मूल्य देऊन ‘बाउंडरीनॉर्म’ (कोणत्या मूल्याला कोणता रंग हे यादीतील टप्प्यांनुसार ठरवणारा नियम) तयार करावा आणि तो कंटूरएफला ‘नॉर्म’ म्हणून द्यावा. त्यानंतर प्रत्येक पट्ट्याला रंगसंचातील सारखा वाटा मिळतो.

दोन वर्षांचे नकाशे शेजारी ठेवायचे असतील, तर यादी एकदाच लिहून दोन्हीकडे तीच वापरावी. प्रत्येक नकाशाला आपापल्या पातळ्या निवडू दिल्या, तर दुष्काळी वर्षही चांगल्या पावसाच्या वर्षाइतकेच गडद निळे दिसू शकते.