सिलेंडरवाल्या भाऊंच्या चहापाण्यासाठी दाराजवळचा डबा

सिलेंडर दारात येतो तेव्हा घरात नेमकी ५०० चीच नोट असते, मग "पुढच्या वेळी देते भाऊ" म्हणून राहूनच जातं. आमच्याकडे जळगावला मे महिन्यात ४४-४५ डिग्रीत तो माणूस तीन मजले चढून येतो, नुसता गॅसच १४.२ किलो आणि टाकीचं वजन धरलं तर खांद्यावर जवळपास ३० किलो, त्याला तसंच पाठवायला जीवावर येतं.

मी आता असं करते:

१. चपलांच्या रॅकवर एक छोटा डबा ठेवलाय. भाजीबाजारातून आलं की उरलेल्या १०-२० च्या नोटा सरळ त्यात, पर्समध्ये ठेवायच्याच नाहीत, तिथे त्या टिकत नाहीत.
२. बिल बुकिंग करतानाच ऑनलाइन भरायचं, म्हणजे सुट्ट्यांचा घोळ नाही.
३. आधी माठातलं पाणी द्यायचं, मग "भाऊ, चहा घ्या" म्हणून २० ची नोट हातात.

कुरियरवाल्या दादांना, कचरागाडीवरच्या ताईंनाही दिवाळीला हाच डबा कामी येतो.

एक लक्षात ठेवा, घरपोच आणायचा खर्च बिलातच धरलेला असतो, त्यामुळे कोणी "डिलिव्हरीचे वेगळे द्या" म्हटलं तर आधी पावतीवर दाखवायला सांगा.