बायोचार थेट भट्टीतून शेतात टाकू नये

पिकांचे अवशेष किंवा लाकूड पुरेशी हवा न मिळू देता साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सिअस तापमानाला तापवले की त्याची राख न होता जो सच्छिद्र कोळसा उरतो, त्याला शेतीच्या भाषेत बायोचार म्हणतात. तो जमिनीत शेकडो वर्षे टिकतो, पाणी आणि अन्नद्रव्ये धरून ठेवतो, मात्र स्वतः खत नसतो. अॅमेझॉनच्या खोऱ्यातील ‘टेरा प्रेटा’ या सुपीक काळ्या मातीचा दाखला बायोचारसाठी नेहमी दिला जातो. परंतु त्या मातीत कोळशाबरोबर हाडे, खापरे आणि वस्तीतला सेंद्रिय कचराही सापडतो, हे सहसा सांगितले जात नाही.

सर्वप्रथम माती परीक्षण करून घ्यावे. बहुतेक बायोचार अल्कधर्मी असल्याने आम्लधर्मी, वालुकामय आणि सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या जमिनीत त्याचा गुण लवकर दिसतो. सामू (मातीचा pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) आधीच ८ च्या वर असलेल्या चुनखडीयुक्त जमिनीत मात्र तो जपून वापरावा, कारण सामू आणखी वाढल्यास लोह आणि जस्त पिकाला मिळेनासे होते.

घरच्या घरी बायोचार करण्यासाठी वर सुमारे दीड मीटर रुंद, पाऊण मीटर खोल आणि तळाशी निमुळता होत जाणारा खड्डा पुरतो. पऱ्हाट्या, फांद्या किंवा दाणे काढलेली मक्याची कणसे चांगली वाळवून घ्यावीत. रंग दिलेले किंवा रसायन लावलेले लाकूड आणि प्लॅस्टिक त्यात अजिबात येऊ देऊ नये. तळाशी जाळ धरल्यावर पातळ थर देत जावे आणि वरच्या काड्यांवर पांढरी राख धरू लागली की लगेच पुढचा थर टाकावा. वरची ज्वाळा हवेतला प्राणवायू खाऊन टाकते, त्यामुळे खालच्या थराची राख होत नाही. धूर दाटला, तर काडी ओली आहे किंवा थर जाड पडला आहे असे समजावे. खड्डा भरल्यावर भरपूर पाणी ओतून आग पूर्ण विझवावी. येथे कसूर करू नये: माझा पहिला ढीग वरून थंड दिसत होता, पण सकाळपर्यंत आतून धुमसून त्याची निम्मी राख झाली होती.

कोळसा नीट झाला की नाही, हे बोटांना कळते. तुकडा चुरडून हात नुसत्या पाण्याने धुवावा. काळेपणा निघून गेला तर कोळसा चांगला, आणि बोटांवर तेलकट थर राहून साबण लागला तर त्यात डांबरी अंश उरला आहे.

त्यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची असून नेमकी तीच वगळली जाते. कोरडा, कोरा बायोचार मातीत गेला की तो उपलब्ध नत्र स्वतःकडे ओढून घेऊ शकतो आणि पहिल्याच हंगामात पीक पिवळे पडू शकते. म्हणून तो हरभऱ्याच्या दाण्याएवढा बारीक करावा (ओला असतानाच, म्हणजे धूळ नाकातोंडात जात नाही) आणि एक भाग बायोचारला निदान एक भाग शेणखत किंवा कंपोस्ट मिसळून, वर शेणाची स्लरी शिंपडून, ढीग तीन-चार आठवडे ओलसर ठेवावा. कंपोस्टचा ढीग रचतानाच तो मिसळला तर उत्तम.

चौरस मीटरला एक किलो बायोचार म्हणजे हेक्टरी १० टन होतात. एवढा माल एकदम जमवणे बहुतेकांना झेपत नाही. त्यामुळे तो शेतभर विस्कटण्यापेक्षा सरीत, वाफ्यात किंवा झाडाच्या खड्ड्यात द्यावा, असे माझे मत आहे. जमीन वाफशावर (म्हणजे चिखल नाही आणि कोरडीही नाही, अशी ओलसर) असताना तो वरच्या १० ते १५ सेंटिमीटर मातीत मिसळावा. पृष्ठभागावर तसाच सोडल्यास तो वाऱ्याने उडतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो.

एकदा घातलेला बायोचार परत काढता येत नाही. म्हणून पहिल्या वर्षी एकाच पट्ट्यात प्रयोग करावा, शेजारच्या पट्ट्याला तेवढेच कंपोस्ट बायोचारशिवाय द्यावे आणि दोन्हींचे उत्पादन वेगवेगळे मोजावे. पाण्याचा ताण पडल्यावर कोणत्या पट्ट्यातील पीक आधी सुकते, याचीही तारखेनिशी नोंद ठेवावी.