‘मायदेशी परतले’ लिहिण्याआधी : १९१९च्या ब्रिटिश बंदरांबद्दल या चुका टाळा

पहिली चूक शब्दातच होते. ‘रिपॅट्रिएशन’ला आपण सहज ‘मायदेशी पाठवणी’ म्हणतो. पाठवणी हा लग्नघरातला शब्द, त्यात माया आहे. इथे शोभतो तो ‘रवानगी’. गोऱ्या जमावांनी काळ्या खलाशांवर हल्ले केल्यावर, जून १९१९मध्ये, लिव्हरपूल, कार्डिफ, हल, ग्लासगो अशा सात बंदरांत समित्या नेमून सरकारने काळ्या खलाशांना जहाजावर चढवायचा घाट घातला. पण कित्येकांचा संसार तिथलाच होता. बायको तिथली, मुलं तिथली, उधारीही तिथलीच. गोऱ्या बायकोचं भाडं द्यायला सरकार तयार नव्हतं. म्हणून बरेच जण हललेच नाहीत.

त्यांना ‘परदेशी’ म्हणू नका. जमैका, बार्बाडोस, सिएरा लिओनची ही माणसं ब्रिटिश प्रजाच होती. पहिल्या महायुद्धात जहाजांच्या भट्ट्यांत कोळसा ओढायला ती चालली. युद्ध सरलं, गोरे सैनिक परतले आणि लिव्हरपूलच्या साखर व पेंडीच्या कारखान्यांतून सुमारे १२० काळ्या कामगारांना काढलं, कारण गोरे त्यांच्याबरोबर काम करेनात.

सर्वांत खटकते ती ‘दोन गटांत दंगल’ ही बातमीछाप ओळ. (मीही एकदा लिहिली आहे.) ५ जून १९१९ला लिव्हरपूलमध्ये चार्ल्स वूटन या तरुण खलाशामागे दोन-तीनशेंचा जमाव लागला. क्वीन्स डॉकपाशी तो पाण्यात पडला. वरून दगड पडत राहिले, तो बुडाला. पोलीस तिथे हजर होते. त्याच्या मृत्यूबद्दल कुणालाही शिक्षा झाली नाही. याला दंगल म्हणत नाहीत, झुंडबळी म्हणतात. आणि यावर सरकारी तोडगा काय? तर मार खाणाऱ्यांनाच हलवा.

गोष्ट बंदरातच संपवू नका. या हल्ल्यांचे पडसाद वसाहतींत उमटतील, याचीच वसाहतमंत्री मिल्नर यांना जास्त धास्ती होती. जुलैत मध्य अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतीत, बेलीझमध्ये, युद्धावरून परतलेले काळे सैनिक रस्त्यावर उतरलेच.

शेवटची चूक खास आपली : कोकणातल्या खलाशांना याच रांगेत बसवणं. त्यांचे करार वेगळे, पगार कमी, आणि हिंदुस्थानात परतायची अट करारातच. तरी गाठ पडते ती १९२५मध्ये. त्या वर्षीच्या आदेशाने ‘रंगीत’ खलाशांवर आपण ब्रिटिश प्रजा असल्याचा पुरावा देण्याची सक्ती आली. कार्डिफच्या पोलिसांनी हिंदुस्थानी माणसांनाही परकीय म्हणून नोंदवलं. हा आदेश १९४२पर्यंत टिकला.