पूर्व भारतातल्या बी-29 धावपट्ट्यांचा इतिहास कसा शोधायचा

बी-29 सुपरफोर्ट्रेस ही अमेरिकी बॉम्बफेकी विमानं युद्धात पहिल्यांदा उतरली ती खरगपूरच्या परिसरात. पहिलं विमान 2 एप्रिल 1944 रोजी चाकुलियाला पोचलं. चाकुलिया आज झारखंडमध्ये आहे, तर पियारडोबा, चर्रा आणि दुधकुंडी हे इतर तळ पश्चिम बंगालमध्ये. या सगळ्यांचं मुख्यालय होतं हिजलीच्या स्थानबद्धता छावणीत, जिथे पुढे आयआयटी खरगपूर उभी राहिली. अशा जागेचा इतिहास तीन ठिकाणी विखुरलेला असतो: जमिनीवरचं काँक्रीट, तिथे राहिलेल्या तुकडीची कागदपत्रं आणि महसुली दप्तर. बहुतेक जण तुकडीपाशीच थांबतात. त्यामुळे इतिहास फक्त वैमानिकांचा होतो, ज्यांच्या शेतावर तळ झाला त्यांचा होत नाही.

सुरुवात मोजमापाने करा. गूगल अर्थमधली मोजपट्टी धावपट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत धरा. 6,000 फूट म्हणजे सुमारे 1,830 मीटर. लिबरेटरसारख्या हलक्या बॉम्बफेकी विमानांना एवढी लांबी पुरायची. बी-29 पूर्ण भारासह साठ टनांच्या आसपास जायचं, म्हणून इथल्या पट्ट्या 7,500 फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे 2,290 मीटरपर्यंत वाढवल्या गेल्या. पट्टीच्या एखाद्या टोकाला काँक्रीटचा रंग किंवा सांध्यांची रचना बदललेली दिसली तर ती वाढवलेली बाजू असण्याची शक्यता आहे. मोजमाप हमखास कमी भरतं, कारण टोकाचं काँक्रीट फोडून खडी म्हणून नेलेलं असतं किंवा त्यावर झाडी वाढलेली असते. अशा वेळी 1960 ते 1972 मधली ‘कोरोना’ या अमेरिकी हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रं बघा. ती 1995 पासून खुली झाली आणि अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या अर्थएक्सप्लोरर संकेतस्थळावर मिळतात. आधीच स्कॅन झालेली चित्रं फुकट आहेत. विमानं उभी करायच्या जागा आणि त्यांना जोडणारे वळणदार रस्ते या जुन्या चित्रांत आजच्यापेक्षा स्पष्ट दिसतात.

पुढचा प्रश्न: तळ अमेरिकी की ब्रिटिश? शेजारच्या साल्बनी आणि दिग्री इथे रॉयल एअर फोर्सची लिबरेटर होती. त्यांची दैनंदिनी लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एअर 27’ (स्क्वाड्रन) आणि ‘एअर 28’ (तळ) या मालिकांत शोधा. अमेरिकी कागद अलाबामातल्या मॅक्सवेल इथे, हवाई दलाच्या इतिहास संशोधन संस्थेत आहेत. तिथली मांडणी तुकडीनिहाय आहे, गावाच्या नावाने शोधलं तर फारसं हाती लागत नाही. चाकुलियासाठी 40 वा बॉम्बार्डमेंट ग्रुप मागा, पियारडोबासाठी 462 वा, खरगपूरसाठी 468 वा. 444 वा ग्रुप आधी चर्राला होता आणि 1944 च्या मध्यात दुधकुंडीला गेला. हे स्थलांतर लक्षात घेतलं नाही, तर चर्राच्या नावावर दुधकुंडीच्या मोहिमा जमा होतात. मागणी महिन्यानुसार करा, कारण तुकडीचा इतिहास दर महिन्याला वेगळा लिहिला जायचा.

आता सगळ्यात पसरलेली चूक. या तळांच्या आसपास ‘हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारं विमान इथूनच उडालं’ असं सांगितलं जातं. ते खरं नाही. अणुबॉम्ब टाकणारी 509 वी तुकडी 6 ऑगस्ट 1945 रोजी प्रशांत महासागरातल्या तिनियन बेटावरून निघाली. घोटाळ्याचं मूळ बहुधा असं: भारतातले चारही ग्रुप 1945 मध्ये त्याच तिनियनला हलवले गेले होते, फक्त तिथल्या दुसऱ्या धावतळावर. जपानवरच्या हल्ल्यांबद्दलही जपून लिहा. 15 जून 1944 चा यावाताचा हल्ला चीनमधल्या चेंगडूच्या पुढच्या तळांवरून झाला. त्यासाठी भारतातून इंधन आणि बॉम्ब हिमालय ओलांडून न्यावे लागले. थेट इथून झालेले हल्ले म्हणजे 5 जून 1944 चा बँकॉक आणि पुढे रंगून, सिंगापूर. पालेम्बांगचा हल्ला श्रीलंकेतून झाला. प्रत्येक मोहिमेपुढे ‘कुठून उडाली’ हा रकाना ठेवलात की या चुका आपोआप टळतात.

वेळा आणि मापंही तपासा. 1 सप्टेंबर 1942 ते 15 ऑक्टोबर 1945 या काळात भारताचं घड्याळ एक तास पुढे, म्हणजे ग्रिनिचपेक्षा साडेसहा तास पुढे होतं. अमेरिकी गॅलन 3.785 लिटरचा, ब्रिटिश 4.546 चा. इंधनाचे आकडे कोणाच्या कागदातले आहेत हे न पाहता बेरीज केली तर वीस टक्क्यांचा फरक पडतो.

तळावर जाण्याआधी परवानगीची खात्री करून घ्या. खरगपूरजवळचं कलाईकुंडा आजही हवाई दलाचा चालू तळ आहे आणि दुधकुंडीला हवाई दलाचं बॉम्बफेकीच्या सरावाचं मैदान आहे. तिथे आत शिरू नका, फोटो काढू नका, ड्रोन तर मुळीच उडवू नका. कुठेही मातीतून लोखंडी नळकांडं वर आलेलं दिसलं तर हात लावू नका. जागा लांबूनच लक्षात ठेवून पोलिसांना कळवा. जिथे जाणं शक्य आहे तिथे काँक्रीटच्या तुटलेल्या कडेची जाडी, काँक्रीटच्या लाद्यांची रुंदी आणि निचऱ्याच्या चरांची दिशा नोंदवा. प्रत्येक फोटोसोबत अक्षांश-रेखांश आणि शेजारी मोजपट्टी हवीच.

महसुली दप्तराचं काम सर्वांत चिवट आहे आणि माझ्या मते सर्वांत मोलाचं. आपल्याकडे जसा गट क्रमांक, तसा बंगालमध्ये मौजा (महसुली गाव), त्याचा जे.एल. क्रमांक आणि दाग क्रमांक (जमिनीच्या तुकड्याचा). पश्चिम बंगालच्या जमीन-नोंदींच्या बांग्लारभूमी संकेतस्थळावर मौजा शोधा आणि जुना मौजा-नकाशा उपग्रह चित्रावर बसवा. म्हणजे कुठले दाग धावपट्टीखाली गेले हे कळतं. मग जमीन तात्पुरती ताब्यात घेतली होती की कायमची संपादन केली होती, हे तपासा. पहिली कारवाई युद्धकाळातल्या भारत संरक्षण नियमांखाली व्हायची, दुसरी 1894 च्या भूसंपादन कायद्याखाली. तात्पुरती घेतलेली जमीन परत मिळण्याची शक्यता असायची, संपादित जमिनीच्या फायलीत मात्र मालकांची नावं आणि मोबदला सापडू शकतो. जिल्हा भूमी कार्यालयात आणि जमीन अजून संरक्षण खात्याकडे असेल तर डिफेन्स इस्टेट्स कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. केंद्रीय कार्यालयाच्या अर्जाला 10 रुपये शुल्क आहे. ‘तळाची सर्व माहिती द्या’ असं मोघम लिहिलं तर अर्ज सहज फेटाळला जातो. मौजा, दाग आणि 1942 ते 1948 हा कालावधी घालून नेमकी फाईल मागा.