‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल हीच’ : ऑनलाइन एकत्र काम करताना या चुका टाळा

मीटिंगला दहा मिनिटं उरलेली असतात आणि कुणीतरी विचारतं, “यातली खरी फाइल कोणती?” तोवर एकाच अहवालाच्या चार प्रती चौघांकडे वेगवेगळ्या वाढलेल्या असतात. खापर टूलवर फुटतं. पण कोणती वस्तू कुठे राहील आणि ती कुणाची, हे आधी कुणी ठरवलेलंच नसतं.

सगळ्यात जुनी सवय म्हणजे फाइल मेलला जोडून पाठवणं. जोडली की नवी प्रत तयार झालीच, म्हणून लिंक पाठवा. प्रती आधीच फुटल्या असतील तर त्यातली एक मुख्य धरा आणि वर्डमधल्या ‘रिव्ह्यू’ टॅबखालच्या ‘कम्पेअर’ने बाकीच्यांतले फरक बघून तिच्यात घ्या. उरलेल्या प्रती ‘जुने’ नावाच्या फोल्डरात टाका, लगेच डिलीट करू नका. एक्सेलवर अनेकांना एकाच वेळी काम करायचं असेल तर फाइल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणुकीत हवी. स्वतःच्या डेस्कटॉपवर ठेवून “तुमचे बदल मला दिसतच नाहीत” म्हणण्यात अर्थ नाही.

आता शेअर केलेल्या गूगल शीटमधली भांडणं. “माझ्या ओळी कुणी उडवल्या?” असा संतप्त मेसेज आला की आधी फिल्टर बघा. साधा फिल्टर एकाने लावला तरी शीट उघडणाऱ्या सगळ्यांना तेवढ्याच ओळी दिसतात, म्हणजे बहुतेक वेळा ओळी जागेवरच असतात, फक्त लपलेल्या. आपल्यापुरतंच बघायचं असेल तर ‘डेटा’ मेन्यूतला फिल्टर व्ह्यू वापरा, त्याने दुसऱ्याच्या पडद्यावर काही हलत नाही.

ओळी खरंच गेल्या असतील तर व्हर्जन हिस्ट्री, म्हणजे फाइलच्या आधीच्या रूपांची यादी, आहे. इथली चूक मी स्वतः केलेली आहे. सकाळचं व्हर्जन सापडल्याच्या आनंदात थेट ‘रिस्टोअर’ दाबलं आणि दोन सहकाऱ्यांनी दुपारपर्यंत भरलेलं सगळं मागे गेलं. नशिबाने रिस्टोअर केल्यावरही आधीचं व्हर्जन हिस्ट्रीत शिल्लक राहतं, त्यामुळे ते परत आणता आलं. पण त्यांच्या नजरेला नजर देणं काही दिवस जड गेलं. जुन्या व्हर्जनची वेगळी प्रत काढून हवा तेवढाच भाग उचलणं केव्हाही बरं.

याहून महाग पडणारी चूक मालकीची आहे. गूगल ड्राइव्हच्या ‘माय ड्राइव्ह’मधली फाइल ती बनवणाऱ्याच्या नावावर असते. तो नोकरी सोडून गेला, खातं बंद झालं, की महिन्याभराने कुणाच्या तरी लक्षात येतं की सगळ्यांची रोजची शीट त्याच्याकडेच होती! डिलीट केलेलं वर्कस्पेस (गूगलची ऑफिसांसाठीची सेवा) खातं अ‍ॅडमिनला २० दिवसांच्या आतच परत आणता येतं. टीमची फाइल पहिल्या दिवसापासून शेअर्ड ड्राइव्हमध्ये, म्हणजे टीमच्या सामाईक जागेत ठेवा, तिथे मालकी माणसाची नसून संस्थेची असते. आणि निरोप समारंभाच्या आधी फाइल्स हस्तांतरित करा, नंतर नको.

परवानग्यांचा घोळ दोन्ही टोकांनी होतो. मीटिंगमध्ये सगळ्यांना ‘अ‍ॅक्सेसची विनंती करा’ असा पडदा दिसतो, नाहीतर घाईत ‘लिंक असलेला कुणीही’ निवडलं जातं आणि पगाराची शीट कुणाच्याही हाती लागू शकते. लिंक पाठवण्याआधी ती ब्राउझरच्या खाजगी (इनकॉग्निटो) विंडोमध्ये, लॉगिन न करता एकदा उघडून बघा. तिथे उघडली, तर ती जगालाही उघडी आहे.

चॅटमध्ये घेतलेले निर्णय चॅटमध्येच बुडतात. स्लॅक या ऑफिस चॅट अ‍ॅपच्या मोफत प्लॅनमध्ये तर ९० दिवसांपलीकडचे मेसेज दिसतच नाहीत. निर्णय झाला की त्याची एक ओळ त्या कामाच्या कागदात किंवा टास्क बोर्डवरच्या कार्डावर लिहा. बाकी, मोठ्या ग्रुपवर नुसतं “जरा बघून सांगा” टाकलं तर कुणीच बघत नाही. प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघेल. ज्याने बघायचं त्याचं नाव टॅग करा, काय बघायचं आणि कधीपर्यंत तेही त्याच मेसेजमध्ये लिहा. ट्रेलोसारख्या, कामं कार्डांवर मांडणाऱ्या बोर्डवर एका कार्डाला तीन नावं लावलेली दिसली तर विचारा, “उशीर झाला तर फोन कुणाला करायचा?” उत्तरात जे नाव येईल तेवढंच ठेवा, बाकीची दोन काढून टाका.